ठकीचे दिवस आणि मध्यकाचा अर्थ

मागच्या लेखात आपण नियंत्रण गट कशासाठी लागतो ते पाहिलं. आज एक वेगळी गोष्ट पाहू: 'अमुक आजारात रुग्ण सरासरी इतके दिवस जगतो' अशी वाक्यं आपण वाचतो, ती नेमकं काय सांगतात आणि काय सांगत नाहीत? उदाहरण आमच्या घरातलं घेतेय. एमएस्सीला सर्व्हायव्हल ॲनालिसिसचा पेपर मी चांगल्या मार्कांनी पास झाले होते. तरी तो विषय मला समजलेला नव्हता, हे जुलैमध्ये घरी गेल्यावर लक्षात आलं.

ठकी आमची गावठी कुत्री. साताऱ्याच्या घरी अकरा वर्षं राहिली. जूनपासून ती पाणी फार पीत होती आणि रात्रीतून दोनदा बाहेर जायला मागत होती. आईला वाटलं उकाडा आहे. मग जेवण कमी झालं, उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि क्रिएटिनीन 4.3 आलं. किडनीचा जुनाट आजार. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बरा होणारा आजार नाही हा, सांभाळायचा आजार आहे."

बाबांनी लगेच विचारलं, "किती दिवस?"

डॉक्टरांनी सांगायचं टाळलं. आणि मग बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मुलगी पीएचडी करते, तिला माहीत असणार. माझं काम यीस्टवर आहे, पण हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. त्या रात्री मी शोधनिबंध उघडून बसले.

आधी मोजमाप समजून घ्या

कुठलाही आकडा वाचण्याआधी तो कशाचा आहे ते बघा. क्रिएटिनीन हा स्नायूंमधून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ आहे. किडनी तो बाहेर टाकते. किडनीचं काम मंदावलं की तो रक्तात साचतो. पण किडनीकडे राखीव क्षमता इतकी असते, की साधारण तीन चतुर्थांश नेफ्रॉन निकामी होईपर्यंत हा आकडा नेहमीच्या मर्यादेत राहू शकतो. म्हणजे रिपोर्ट बिघडतो तेव्हा आजार नवा नसतो, आपल्याला तो कळणं नवं असतं. 'आधी का नाही बघितलं' म्हणून आई स्वतःला बोल लावत होती, तिला मी हेच समजावलं. तिला ते पटायला दोन आठवडे लागले.

कुत्र्यांच्या या आजाराचे टप्पे ठरवण्यासाठी आयरिस नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत वापरतात. तिच्यानुसार क्रिएटिनीन 2.9 ते 5.0 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे तिसरा टप्पा, त्याच्या वर चौथा. पण हा टप्पा ठरवायचा असतो कुत्रा स्थिर झाल्यावर, अंगात पुरेसं पाणी असताना, आणि एकदा नाही तर पुन्हा तपासून. उलट्यांनी कोरडी पडलेली ठकी पहिल्या दिवशी 4.3 वर होती. सलाइन देऊन आठवड्याने तपासलं तर 3.6. टप्पा तोच राहिला, पण आकड्यातला फरक आजाराचा नव्हता, पाण्याचा होता.

आणखी एक सापळा आहे. क्रिएटिनीन स्नायूंतून येतं, त्यामुळे कुत्रा वाळत गेला, स्नायू झडले, की आकडा कमी येऊ शकतो. ऑक्टोबरमध्ये ठकीचा आकडा 3.3 आला तेव्हा बाबांनी पेढे आणले. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला तर मणके मोजता येत होते. पेढा खाल्ला, पण काही बोलले नाही. तुम्ही संशोधनात एखाद्या गोष्टीऐवजी तिची खूण मोजत असाल, तर ती खूण दुसऱ्या कशाने बदलते का हे आधी शोधा. आम्ही त्यानंतर वजनाची नोंद क्रिएटिनीनच्या शेजारीच लिहायला लागलो.

226, 188 की 594?

आता बाबांच्या प्रश्नाकडे येऊ. मला एका रात्रीत तीन वेगळी उत्तरं मिळाली.

इंग्लंडमधल्या साध्या, रोजच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांतल्या नोंदींवरून केलेला एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निदानानंतर जगण्याचा मध्यक 226 दिवस होता. त्याआधी 2002 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी 38 आजारी कुत्र्यांवर प्रयोग केला होता. कोणाला किडनीचा खास आहार आणि कोणाला नेहमीचा, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं यादृच्छिक ठरवलं होतं, आणि कोणाच्या ताटात काय आहे हे मालकांना कळू दिलं नव्हतं. खास आहार म्हणजे फॉस्फरस, प्रथिनं आणि मीठ कमी असलेला. त्या गटाचा मध्यक 594 दिवस, नेहमीच्या आहाराच्या गटाचा 188.

तुम्ही बाबांना कोणता आकडा सांगाल?

एकाच प्रयोगातल्या 594 आणि 188 ची तुलना करता येते, कारण ते दोन गट सुरुवातीला सारखे होते. त्या तुलनेवरून आम्ही आहार बदलला, आणि ठकीच्या बाबतीत तेवढा निर्णय तरी डोळे झाकून घेता आला. पण 594 आणि 226 एकमेकांशेजारी ठेवून 'अमेरिकेतले कुत्रे जास्त जगतात' असं म्हणता येत नाही. प्रयोगात घेतलेले कुत्रे निवडून घेतलेले असतात: वर्षभर तपासणीला येऊ शकतील, आहार खातील, ज्यांचे मालक सांगितलेलं पाळतील असे. दवाखान्याच्या नोंदीत मात्र निदानाच्याच आठवड्यात दगावलेलाही मोजला जातो. म्हणून कुठल्याही निबंधात निकालाच्या तक्त्याकडे जाण्याआधी 'यात कोणाला घेतलं आणि कोणाला वगळलं' हा परिच्छेद वाचा. कंटाळवाणा असतो, पण पुढच्या आकड्याचा अर्थ तिथेच ठरतो.

मी बाबांना 226 सांगितलं. आणि इथे माझी चूक झाली.

बाबांची वजाबाकी

पुढच्या शनिवारी घरी गेले तर स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने बारीक आकडे होते. 219, 218, 217. बाबा रोज सकाळी चहाच्या वेळी एक दिवस वजा करत होते. मला पोटात गलबललं. आकडा मी सांगितला होता, अर्थ सांगितला नव्हता.

मग रद्दी कागदावर त्यांना दाखवलं, तेच तुम्हाला दाखवते. समजा पाच कुत्रे आहेत. निदानानंतर ते अनुक्रमे 20, 60, 200, 500 आणि 900 दिवस जगले. मध्यक म्हणजे मधला, म्हणून 200. सरासरी काढली तर 336. आता बघा, 200 दिवसांच्या जवळपास गेलेला कुत्रा एकच आहे. बाकी चौघांपैकी कोणालाही '200' हे भविष्य लागू पडलं नाही.

पुढची पायरी जास्त महत्त्वाची. समजा तुमचा कुत्रा 60 दिवस ओलांडून पुढे आला. आता त्याची तुलना कोणाशी करायची? उरलेल्या तिघांशी: 200, 500, 900. त्यांचा मध्यक 500. म्हणजे साठाव्या दिवसानंतर '200 वजा 60, उरले 140' हे गणित चुकीचं आहे. जो इथवर आला तो पहिल्या दिवसाच्या गटातला राहिला नाही. मध्यक ही मुदत नाही, त्यातून दिवस कापले जात नाहीत.

खऱ्या अभ्यासात आणखी एक गुंता असतो. अभ्यास संपतो तेव्हा काही कुत्रे जिवंत असतात, काहींचे मालक गाव सोडून जातात. त्यांचे दिवस पूर्ण माहीत नसतात, पण 'किमान इतके' हे माहीत असतं. ही अर्धी माहिती फेकून न देता कशी वापरायची, याची रीत कॅप्लान आणि मायर यांनी 1958 मध्ये दिली. निबंधातली ती पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी रेघ त्यांचीच. पुढच्या वेळी ती दिसली की तिच्या उजव्या टोकाकडे बघा. तिथे किती जीव उरले होते हे विचारा. दोन-तीन कुत्र्यांच्या जोरावर काढलेली रेघ पुढे कितीही लांब गेली तरी तिच्यावर फार भार टाकू नये.

यासंदर्भात जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांचं उदाहरण नेहमी दिलं जातं. 1982 मध्ये त्यांना पोटाच्या आवरणाचा दुर्मीळ कर्करोग झाला. त्या आजारातला मध्यक होता 8 महिने. त्यांनी आलेखाची लांब उजवी शेपूट पाहिली, 1985 मध्ये त्यावर लेख लिहिला, आणि ते 2002 पर्यंत जगले. मीही बाबांना ही गोष्ट सांगितली. पण तुम्हाला संशोधन करायचं आहे, म्हणून तिची दुसरी बाजूही सांगते. मध्यकाच्या अलीकडे निम्मे जीव असतात. तेही तितकेच खरे. त्यांच्यावर लेख लिहिले जात नाहीत एवढंच.

आकड्यात मालकही असतो

हा मुद्दा मला कुठल्या वर्गात कोणी शिकवला नव्हता. माणसांच्या अभ्यासात मृत्यू बहुतेक वेळा आजाराने येतो. कुत्र्यांच्या अभ्यासात बरेचसे मृत्यू दयामरणाने येतात, म्हणजे त्या दिवशी कोणीतरी निर्णय घेतलेला असतो. त्या निर्णयात कुत्र्याचा त्रास असतो, तसा औषधांचा खर्च असतो, सुट्टी न मिळणं असतं, घरात उचलून नेणारं माणूस नसणं असतं, आणि डॉक्टरांनी आधी सांगितलेला आकडाही असतो. 'दोन महिनेच उरलेत' असं ऐकलेला मालक दोन महिन्यांनी निर्णय घ्यायला तयार होतो, आणि ते दोन महिने पुढच्या अभ्यासात डेटा म्हणून जमा होतात.

म्हणून 'कधी थांबायचं' याचं उत्तर या आकड्यांत शोधू नका. दुसऱ्या घरांनी घेतलेले निर्णयच तिथे दिवसांच्या रूपात लिहिलेले असतात.

माझा शुक्रवारचा डेटा

मग उत्तर शोधायचं कुठे? समोरच्या कुत्र्यात. पण आपलं बघणंही भरवशाचं नसतं. सांधेदुखीच्या कुत्र्यांवरच्या एका चाचणीतला, औषधाऐवजी प्लासिबो दिलेला गट घेऊन 2012 मध्ये अभ्यास झाला. लंगडणं खरोखर किती कमी झालं ते यंत्राने मोजलं आणि मालकांना काय वाटतं ते विचारलं. निम्म्याहून अधिक वेळा मालकांना नसलेली सुधारणा दिसली. डॉक्टरांनाही ती बऱ्याचदा दिसली. जीव लावलेलं माणूस बघतं तेव्हा असंच होतं.

आमच्याकडे आई म्हणायची, "दिवसभर पडून असते." मी म्हणायचे, "छे, चांगली आहे की!" दोघी खरं बोलत होतो. मी शुक्रवारी रात्री स्वारगेटहून एसटीने घरी पोचायचे. गेटचा आवाज आला की ठकी उठून दारापर्यंत यायची, शेपूट हलवायची. मी रविवारी परत निघायचे. माझी सगळी निरीक्षणं अशा दोन दिवसांची, ज्यात माझं येणं हीच तिच्यासाठी मोठी घटना होती. हा नमुना निवडीचा दोष पाठ्यपुस्तकात वाचून दहा मिनिटांत समजतो, स्वतःच्या घरात दिसायला मला सात आठवडे लागले.

मग आम्ही वही घातली. अमेरिकेतल्या पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी अशा वेळेसाठी सात मुद्द्यांची मोजपट्टी दिली आहे: वेदना, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला 10 पैकी गुण, आणि एकूण 35 च्या वर असेल तर सांभाळ चालू ठेवायला हरकत नाही असा अंदाज. 35 हा काही निसर्गनियम नाही. पण रोज त्याच सात गोष्टी बघायच्या, ही शिस्त मोलाची.

आम्ही दोन नियम पाळले. आई आणि बाबा आपापले गुण एकमेकांना न सांगता लिहायचे, चर्चा नंतर. आणि 'चांगला दिवस' म्हणजे काय ते आधीच ठरवलं: अर्धं ताट संपवणं, स्वतः उठून अंगणात जाणं, उलटी नसणं. तिन्ही झालं तर चांगला. 'आज डोळ्यांत चमक होती' हे शेऱ्यात लिहायचं, गुणांत नाही. आईला हे सुरुवातीला फार कोरडं वाटलं. नंतर तीच म्हणाली की वही असल्यामुळे रात्री सगळं डोक्यात घोळत बसत नाही.

थांबायचा नियम आधी लिहा

औषधांच्या मोठ्या चाचण्यांमध्ये प्रयोग मध्येच कधी थांबवायचा हे सुरू करण्याआधी लिहून ठेवतात. कारण निकाल समोर यायला लागले की माणूस आपल्याला हवं तसं वाचतो. आम्ही सप्टेंबरमध्ये, ठकी बऱ्यापैकी असताना, डॉक्टरांना विचारून तीन ओळी लिहिल्या:

1. सलग दोन दिवस उकडलेल्या अंड्याचा पांढरा भागही न खाणं. तो तिचा जीव की प्राण होता.
2. लघवीलाही स्वतः न उठणं.
3. औषध देऊनही उलट्या दोन दिवसांत न थांबणं.

तिन्हीपैकी दोन झालं की डॉक्टरांना बोलवायचं. खाली तिघांच्या सह्या. बाबांनी सही करायला एक अख्खी संध्याकाळ घेतली.

आणि तुमचं काम

या काळात लॅबचं काय करायचं, हेही बोलू. 2017 मध्ये अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी आजारी प्राण्यांचे 119 मालक आणि निरोगी प्राण्यांचे 119 मालक यांची तुलना केली. आजारी प्राणी सांभाळणाऱ्यांवरचा भार आणि ताण जास्त होता, नैराश्य आणि चिंतेची लक्षणंही जास्त. एकाच वेळी केलेली पाहणी असल्याने कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे त्यावरून सिद्ध होत नाही, पण तुम्हाला झोप लागत नसेल तर तुम्ही एकटे नाही एवढं नक्की.

'एका कुत्र्यासाठी?' हा प्रश्न तुम्हाला कोणीतरी विचारेलच. ज्या दुःखाला आजूबाजूचे लोक दुःख म्हणून मान्यताच देत नाहीत, त्यावर केनेथ डोका यांनी 1989 पासून लिहिलंय. त्याला नाव आहे हे कळल्यावरही मला बरं वाटलं होतं.

व्यवहाराच्या गोष्टी: गाइडना लवकर सांगा. मी 'घरगुती अडचण' एवढंच सांगून दोन महिने लपवलं, आणि त्या काळात एक 36 तासांचा प्रयोग मध्येच सोडून पळाले. सगळे नमुने वाया गेले. नंतर खरं सांगितलं तेव्हा मॅडमनी फक्त विचारलं, "वय काय तिचं?" आणि मला मध्ये थांबवता येतील अशीच कामं दिली. अशा काळात लांब पल्ल्याचे प्रयोग सुरू करू नका. नमुने गोठवून ठेवता येतील असे टप्पे आखा. वाचन, विश्लेषण, जुन्या डेटाची साफसफाई ही कामं या दिवसांसाठी ठेवा. निबंध रात्री बारानंतर वाचू नका. आणि घरच्यांना मध्यक सांगाल तेव्हा त्याचा अर्थही त्याच दिवशी सांगा.

163

डिसेंबरमधल्या एका मंगळवारी नियम पूर्ण झाला. पहिली आणि दुसरी ओळ. आईने फोनवर सांगितलं आणि लगेच म्हणाली, "पण आत्ता जरा बरी वाटतेय." मी म्हणाले, "मग बघू उद्या." बुधवारीही आम्ही तेच बोललो. नियम मीच लिहिला होता आणि मोडायलाही मीच हो म्हटलं. गुरुवारी सकाळी डॉक्टर घरी आले. ठकी अंगणातल्या तिच्या पोत्यावर होती, बाबांचा हात तिच्या मानेखाली होता.

निदानापासून 163 दिवस. 226 च्या अलीकडच्या अर्ध्यात. ती एखाद्या अभ्यासात असती तर तिच्या रकान्यात 163 लिहिलं गेलं असतं, आणि तुम्ही ते वाचून म्हणाला असता की आजाराने तिला 163 दिवस दिले. प्रत्यक्षात आजाराचे 161 आणि आमचे दोन. ते दोन दिवस तिला बरे गेले नाहीत. वहीत तशी नोंद आहे, दोघांच्याही अक्षरात. नियम लिहिला नसता तर हा उशीर झाला हेही आम्हाला कळलं नसतं. पुढच्या वेळी, असं दुसरं कोणी घरात आलंच तर, मंगळवारीच फोन करू असं आईने आपणहून म्हटलं.

कालनिर्णयवरची पेन्सिल बाबांनी रबराने खोडली होती, सप्टेंबरमध्येच. नीट बघितलं तर आकडे अजून दिसतात.

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या विषयातला असा एक निबंध घ्या ज्यात मध्यक दिलाय. तीन गोष्टी शोधा. कोणाला वगळलं होतं? शेवटी किती जण उरले होते? आणि त्या आकड्यात कोणाचे निर्णय मिसळलेले आहेत? तिसऱ्याचं उत्तर निबंधात बहुधा मिळणार नाही. तरी विचारा. पुढच्या लेखात सेन्सॉरिंगची गणितं आकडे घेऊन करू.